सव्वीस हजार पावलांची कढई

माणसाला दोन गुडघे असतात. शरीरशास्त्राला ही गोष्ट फार पूर्वीपासून मान्य आहे. राष्ट्रीय सांधे मंडळाला ती तत्त्वतः मान्य आहे. तत्त्वतः मान्य म्हणजे काय, हे ज्याने आयुष्यात एकदा तरी सरकारी खिडकीतून अर्ज आत सरकवला आहे त्याला सांगायला नको. मंडळाचं म्हणणं एवढंच की पहिला नवा गुडघा हा नागरिकाचा हक्क आहे, दुसरा मात्र कमवावा लागतो.

हे म्हणणं योग्यच होतं. पूर्वी आमच्याकडे लोक सरकारी खर्चाने गुडघा बसवून घ्यायचे, घरी यायचे आणि दारासमोरच्या ज्या बाकावर जुना गुडघा घेऊन बसत त्याच बाकावर नवा घेऊन बसायचे. म्हणजे गुडघा सरकारचा आणि उपयोग बसायला! हा अपव्यय थांबवण्यासाठी मंडळाने नियम ४१(ब) केला. ज्याचा एक गुडघा बदलला आहे त्याने शस्त्रक्रियेनंतर एकशेवीस दिवसांच्या आत, सलग तीस दिवस, रोज किमान सहा हजार पावले चालून मिळालेल्या गुडघ्याचे चीज केल्याचे सिद्ध करावे. त्यानंतरच दुसऱ्या गुडघ्याचा विचार होईल. (विचार म्हणजे विचारच. गुडघा नव्हे.) पावलं मोजण्यासाठी प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर मंडळाने एक हालचालपट्टी बांधली. पट्टीतला आकडा परस्पर राजधानीला पोचायचा, त्यामुळे रुग्णाला खोटं बोलण्याचे कष्ट उरले नाहीत आणि खरं बोलण्याची सोयही उरली नाही.

स्ट्रुमित्सा या आमच्या गावात बाजारपेठेमागच्या गल्लीत राहणाऱ्या स्ताम्नाबाईंना ही पट्टी जुलैच्या तीन तारखेला मिळाली. बाई एकोणसत्तर वर्षांच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात अडतीस वर्षं त्यांनी तीनशे पोरांसाठी घेवड्याचं कालवण उभ्याने ढवळलं होतं. निवृत्तीच्या दिवशी शाळेने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. दोन्ही गुडघ्यांचं दुखणं त्याआधीच हप्त्याहप्त्याने मिळालेलं होतं. उजवा गुडघा बदलला आणि तो झकास बसला. राहिला डावा. सकाळी पाय जमिनीला टेकला की तो अशी कळ काढायचा की बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. त्यांची मागणी काही जगावेगळी नव्हती. कुणाचा हात न धरता बाजारात जावं, आपल्या हाताने टोमॅटो दाबून बघावेत, भाव करावा आणि परत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यासाठी डावा गुडघा हवा होता, आणि डाव्यासाठी सहा हजार पावलं हवी होती.

बाई हटून बसणाऱ्या नव्हत्या. दवाखान्यातून आल्यापासून त्या वॉकर धरून अंगणात फेऱ्या मारू लागल्या. नवरा त्राय्चे मागून खुर्ची घेऊन चालायचा, म्हणजे बाई पडल्या तर खुर्चीत पडाव्यात. घराच्या सगळ्या खिडक्या त्याने भर जुलैत बंद करून टाकल्या होत्या, कारण नवा गुडघा धातूचा आणि धातूला वाऱ्याची झुळूक लवकर बाधते. (याला वैद्यकीय आधार नाही. आमच्याकडे झुळकीच्या बाबतीत वैद्यकीय आधाराची वाट कुणी बघत नाही.) दहा फेऱ्या, मग पंधरा, मग वीस. नवव्या दिवशी अशीच विसावी फेरी संपवून, घामाने निथळत बाई उभ्या असताना मंडळाचं पत्र आलं. 'आपली हालचाल सलग नऊ दिवस शून्य आढळली आहे. आपण निवर्तला असल्यास हालचालपट्टी पुसून सात दिवसांत परत करावी.'

बाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि व्यायामाला येणाऱ्या ब्लागोयाच्या हातात ठेवलं. ब्लागोया हा जिल्ह्याचा व्यायामोपचारक, तिशीतला, कामाला वाघ. त्याने पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि खुलासा केला. पट्टी पाय मोजत नाही, हात मोजते. चालताना माणसाचा हात हलतो, तेव्हा हात हलला की तिला वाटतं माणूस चालला. वॉकर धरला की हात हलत नाही, म्हणून पट्टीच्या मते बाई नऊ दिवस जागच्या हललेल्या नव्हत्या.

"मग मेली पायाला का बांधत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"मावशी, निविदा मनगटाची निघाली होती," ब्लागोया म्हणाला.

ब्लागोयाने मग त्याचं काम सुरू केलं. गादीवर टाच घासत गुडघा वाकवायचा. मांडी आवळून दहा आकडे मोजायचे. पाय सरळ उचलून धरायचा. सगळं वीस-वीस वेळा, दिवसातून तीनदा. बाई टॉवेलचं टोक दातांत धरून करायच्या, कारण ओरडल्या तर शेजारची पावलिना चौकशीला यायची आणि कॉफी प्यायल्याशिवाय जायची नाही. आठवड्यामागून आठवडे गेले आणि उजवा गुडघा सत्तर अंशांवरून एकशे चारपर्यंत वाकला. ब्लागोयाला इतका आनंद झाला की त्याने कोनमापक खिशात ठेवून बाईंना मिठी मारली. मग तो हा एकशे चारचा आकडा कुठे लिहायचा ते फॉर्ममध्ये शोधू लागला, तेव्हा अंशांचा रकानाच नाही असं निघालं. रकाना एकच होता, पावलांचा. त्यात आपोआप शून्य भरलेलं होतं.

ऑगस्टअखेर वॉकर सुटून काठी आली आणि आकडा एकवीसशेवर गेला. त्यापुढे तो हलेना, कारण डावा गुडघा त्यापुढे हलेना. बाई हबकल्या. एकशेवीस दिवसांतले साठ सरले होते, आणि आपला डावा गुडघा आपल्याबरोबरच पुरला जाणार असं त्या उघड बोलू लागल्या. त्राय्चेने दिलासा द्यायचा म्हणून सांगितलं की डावा तसा दिसायला चांगला आहे. त्यावर दोन दिवस घरात अबोला होता.

आणि मग सप्टेंबर आला. सप्टेंबरात आमच्या गावात माणसं आजारी पडत नाहीत, मरत नाहीत आणि लग्नं करत नाहीत, आयवार करतात. लाल मिरच्या पोत्यांनी आणायच्या, अंगणात चुलाण पेटवून भाजायच्या, सोलायच्या, दळायच्या आणि मोठ्या कढईत तेलावर घालून पाच तास ढवळायच्या. मधे थांबलं की बुडाला लागलं, आणि बुडाला लागलेला आयवार ज्या घरात निघाला त्या घरातल्या मुलींना स्थळं येत नाहीत. बाईंच्या घरी ऐंशी किलो मिरच्या आल्या. गुडघा असा, तरी कढई दुसऱ्याच्या हाती देणं बाईंना मरणाहून कठीण. त्राय्चेने उंच स्टूल आणलं, बाई त्यावर बसल्या, पाय समोर लांब केला आणि अडतीस वर्षांच्या सवयीने उजवा हात फिरू लागला.

तासाभराने पट्टी थरथरली. बाईंना वाटलं, आणखी एक पत्र. पट्टीवर लिहिलं होतं, 'शाबास! आपण आजचे उद्दिष्ट गाठले.' बाईंनी ढवळणं चालूच ठेवलं. (हाच त्यांचा आणि शास्त्रज्ञांचा फरक. शास्त्रज्ञाने शोध लागताच कढई करपवली असती.) संध्याकाळी आकडा होता सव्वीस हजार एकशे नव्वद. बाई सकाळपासून स्टुलावरून दोनदाच उठल्या होत्या, दोन्ही वेळा तेल आणायला.

आपला हात जगन्नाथ म्हणतात तो असा. बाईंनी रात्रभर विचार केला नाही, सकाळपर्यंतही थांबल्या नाहीत. तिथेच त्राय्चेपुढे हिशोब मांडला. नियमाला सलग तीस दिवस हवेत, आणि ऐंशी किलो मिरच्या दोन दिवसांत संपतात. तेव्हा अठ्ठावीस दिवसांच्या मिरच्या आण.

यानंतर जे झालं त्याला मंडळाच्या वार्षिक अहवालात 'सप्टेंबरची झेप' म्हटलं आहे. घरच्या मिरच्या संपल्यावर बाईंनी पावलिनाचा आयवार ढवळला. मग पलीकडच्या घरचा. मग ओळीने गल्लीतल्या बावीस घरांचा. लोक मिरच्या दळून आणून द्यायचे आणि शिजलेला आयवार घेऊन जायचे. बाईंच्या हातची चव, वर फुकट, म्हटल्यावर कोण सोडतो? गल्लीत आणखी तीन गुडघेवाले होते: पावलिनाची सासू, एक निवृत्त पोस्टमन आणि सुतार गोने. त्यांनी दुसऱ्याच दिवशी आपापल्या पट्ट्या गुपचूप आणून दिल्या. बाईंच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चार पट्ट्या बांधल्या गेल्या आणि चार माणसं एका हाताने चालू लागली. कोपराजवळ हात कमी फिरतो, म्हणून पावलिनाच्या सासूबाई रोज नऊ हजारच चालायच्या. त्यावरून सून त्यांना टोमणे मारी, की आत्याबाई, तुम्ही इथेही मागेच.

मिरच्या संपल्या तेव्हा आलुबुखारे आले, त्यांचा मुरंबा झाला. आलुबुखारे संपले तेव्हा भोपळा. शेवटचे तीन दिवस तर काहीच उरलं नाही, म्हणून बाईंनी नुसतं पाणी ढवळलं. (पाणी बुडाला लागू नये म्हणून सतत ढवळावं लागतं, असं त्राय्चे विचारणाऱ्यांना सांगे.) त्राय्चेने या तीस दिवसांत बाजारातून अंदाजे सातशे किलो माल पाठीवरून आणला. तो पायी चालला, पण त्याच्या हाताला पट्टी नव्हती, त्यामुळे मंडळाच्या दप्तरी तो महिनाभर घरी बसलेला होता.

राजधानीत मोठी खळबळ उडाली. गुडघा बदललेल्या रुग्णांची गल्लीतली सरासरी एकवीस हजार पावलं, आणि मंडळाच्याच पाहणीनुसार गावातल्या धडधाकट माणसांची चार हजार शंभर. तज्ज्ञांची समिती बसली. तिने तीन बैठकांत निष्कर्ष काढला की निरोगी गुडघा हाच चालण्यातला मुख्य अडथळा असावा. एका सदस्याने दबकत विचारलं की सप्टेंबरातच असं का व्हावं. त्याला हवामानाच्या उपसमितीवर घेण्यात आलं.

ऑक्टोबरच्या अकरा तारखेला चौघांचेही तीस दिवस पुरे झाले. बाईंनी हात गरम पाण्यात बुडवला आणि डाव्या गुडघ्यावर थापटी मारून सांगितलं की आता तुझा नंबर. तीन आठवड्यांनी चौघांची पत्रं आली. पावलिनाच्या सासूबाईंचा दुसरा गुडघा मंजूर. पोस्टमनचा मंजूर. गोनेचा मंजूर. बाईंच्या पत्रात होतं: 'आपली सरासरी २६,३१४ पावले आढळली. डाव्या गुडघ्यात दोष असलेली व्यक्ती एवढी चालू शकत नाही. सबब आपल्या डाव्या गुडघ्यात दोष नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे. मंडळातर्फे हार्दिक अभिनंदन.'

बाई कोठीच्या खोलीत गेल्या, चारशे बारा बरण्यांच्या मधोमध पिपावर बसल्या आणि रडल्या. मोठ्याने, मोकळं, नाक ओढत रडल्या. करायला गेलो एक आणि झालं भलतंच; आणि ते ज्या हाताने झालं तो आपलाच, याचं त्यांना जास्त वाईट वाटत होतं. त्राय्चे दाराशी उभा राहून पुन्हा म्हणणार होता की डावा दिसायला चांगला आहे, पण या खेपेला त्याने तोंड आवरलं.

मग बाईंनी डोळे पुसले आणि अपील लिहिलं. एका ओळीचं: मी चालले नाही, मी ढवळलं. ते कळताच पावलिना धावत आली. खरं लिहिलंस तर आमच्या सासूबाईंचा मिळालेला गुडघा परत जाईल, पोस्टमनचा जाईल, गोनेचा जाईल. तीन घरांचा तळतळाट घेशील का, असं तिने सुनावलं. बाईंचं म्हणणं, तुझ्या सासूचा गुडघा मी घालवत नाही, मी फक्त माझ्या हाताचं लिहिलंय. पण माझा डावा मी कुठल्या दारात जाऊन मागू? पावलिना कॉफी न पिताच गेली, यावरून प्रसंग किती बाका होता ते कळावं.

अपिलाची चौकशी करायला क्षेत्रीय पाऊल निरीक्षक निकोदिम शिश्कोव जातीने आले. पन्नाशीचे, जाडजूड, दमदार गृहस्थ. सलग चार वर्षं रोज एकोणीस हजार पावलं चालल्याबद्दल मंडळाने त्यांना पितळी पदक दिलेलं होतं, आणि त्याचा छोटा बिल्ला ते कोटावर लावत. दारात बूट काढून, त्राय्चेने दिलेल्या सपाता घालून ते बसले. बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून "आई गं" म्हणाले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही. आमच्याकडे पन्नाशीनंतर तसं म्हटल्याशिवाय बसतच नाहीत.

बाईंनी राकियाचा, म्हणजे फळांच्या घरगुती दारूचा, पेला समोर ठेवला, कोपऱ्यातला जुना वॉकर ओढला आणि निरीक्षकांच्या देखत गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आल्या. डाव्या पायावर भार पडला की दात आवळत होत्या. सातशे पावलं झाली. पट्टी म्हणाली, शून्य. मग त्या स्टुलावर बसल्या आणि रिकाम्या कढईत लाकडी डाव मिनिटभर फिरवला. पट्टी म्हणाली, एकशे दहा.

निरीक्षकांनी कढईत वाकून पाहिलं. मग स्थळपाहणीचा कागद काढून लिहिलं: 'यंत्र निर्दोष. अर्जदार सदोष.' चार प्रती केल्या, खिशातून शिक्का काढला आणि मारायला लागले. आमच्या देशात कागदावर शिक्का नसेल तर तो कागद नव्हे, मिरच्या बांधायचं रद्दी पान. तेव्हा ते जोरात मारायचे, शाईच्या डबीवर एक थाप आणि कागदावर एक थाप. बाई त्यांच्या उजव्या मनगटाकडे बघत होत्या; मंडळाच्या माणसांनाही पट्टी असे. महिनाभर चार-चार पट्ट्या वाचल्याने त्यांना ते व्यसनच लागलं होतं.

"साहेब," बाई हळूच म्हणाल्या, "आणखी एकदा मारा बघू."

निरीक्षकांनी मारला. डबी, कागद. त्यांच्या पट्टीवरचा आकडा दोनने वाढला.

निरीक्षकांनी पुन्हा मारला. पुन्हा दोन. मग ते वेड्यासारखे कोऱ्या कागदावर शिक्के मारत सुटले, आणि पट्टीने थरथरून कळवलं की आपण आजचं उद्दिष्ट गाठलंत, शाबास. चार वर्षांची एकोणीस-एकोणीस हजार पावलं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली, सगळी टेबलावरून. त्यांचे गुडघे गेली दोन वर्षं दुखत होते. डॉक्टरांनी फोटो काढायला सांगितलं होतं. पण रोज एकोणीस हजार पावलं चालणाऱ्याचे गुडघे दुखतात, यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसला नव्हता, म्हणून त्यांनी तो काढला नव्हता.

"मावशी," ते म्हणाले, "तुमचं खरं मानलं, तर मी चार वर्षं चाललोच नाही असं होईल."

"मग चालला होतास का, बाळा?"

निरीक्षकांनी राकिया एका घोटात संपवला. बाईंनी दुसरा भरला, पावाच्या तुकड्यावर आयवार लावून पुढे केला. कुणाचंही वाईट न होता सगळ्यांचं बरं व्हावं, असा तोडगा फक्त सरकारी डोक्यातच उगवतो, आणि तो उगवायला वेळ लागतो. तिसऱ्या पेल्याला उगवला. त्यांनी लिहिलेल्या चारही प्रती फाडल्या आणि नव्याने लिहिलं: 'अर्जदार दररोज सव्वीस हजार पावले चालल्याचे सिद्ध होत आहे. एवढ्या अति चालण्याने डावा गुडघा पूर्णतः झिजल्याचे स्थळपाहणीत दिसून आले. सदर गुडघा तातडीने बदलावा.'

बाईंनी कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यात खरं असं फक्त शेवटचं वाक्य होतं. "मी खोट्यावर सही करायची नाही असं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या.

"सही माझी आहे," निरीक्षक म्हणाले, आणि शिक्का मारला. या वेळी मात्र त्यांनी तो डाव्या हाताने मारला.

बाईंचा डावा गुडघा फेब्रुवारीत बसला. गल्लीतल्या तिघांपैकी कुणाचाच गेला नाही. निरीक्षकांनी आपल्या गुडघ्यांचा फोटो काढला, तो पाहून डॉक्टर त्यांना रागावले. मंडळाने अहवालाची गंभीर दखल घेतली आणि देशभर परिपत्रक काढलं, की अति चालणे गुडघ्यास अपायकारक असून सर्व रुग्णांनी, विशेषतः सप्टेंबरात, पावलांना आळा घालावा. मे महिन्यात एका सकाळी स्ताम्नाबाई कुणाचाही हात न धरता बाजारात गेल्या, टोमॅटो दाबून पाहिले, भाव केला आणि दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन परत आल्या. पिशव्यांनी हात हलला नाही, म्हणून पट्टीने त्या दिवशी शून्य दाखवलं. बाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

तुम्ही मात्र पाहाल. या गोष्टीवर तुम्ही दोन-चार ठिकाणी हसला असाल, एखाद वेळी मांडीवर थाप मारली असेल, पान उलटलं असेल, चहाचा कप उचलला असेल. हे सगळं तुमच्या मनगटावर कुठेतरी चालणं म्हणून चढलं आहे. संध्याकाळी आकडा बघताना त्यातली निदान सव्वाशे पावलं तुम्ही बसल्या जागी चालला आहात, हे तुम्हाला पक्कं ठाऊक असेल, आणि तरी ती तुम्ही वजा करणार नाही.